अल्कोहोलमिश्रित इंधनांचे सिम्युलेशन : आकड्यासोबत त्याचा हिशेबही छापा

मा. संपादक,

स. न. वि. वि.

जैवडिझेलमध्ये इथेनॉल किंवा ब्यूटेनॉल मिसळून डिझेल इंजिन चालवले तर धूर किती घटेल, ताकद किती उतरेल, नायट्रोजन ऑक्साइड वाढतील की कमी होतील, याविषयी हल्ली बरेच वाचायला मिळते. यातले पुष्कळसे आकडे इंजिनावर मोजलेले नसतात, संगणकावरच्या सिम्युलेशनमधून निघालेले असतात. त्यात गैर काही नाही. एका मिश्रणाची रीतसर चाचणी घ्यायची म्हणजे डायनामोमीटर (इंजिनाची ताकद मोजणारे यंत्र), दाबमापक, वायुविश्लेषक, शिवाय इथेनॉलला टिकणारे सील आणि नळ्या हे सगळे उभे करावे लागते. संगणकावर तेवढ्याच वेळात अनेक मिश्रणे चाळून नको ती बाजूला काढता येतात. या विद्येवर आमचा विश्वास आहे, आणि म्हणूनच हे पत्र लिहीत आहोत. आकडा कोणत्या जातीच्या मॉडेलमधून आला, त्यात काय मोजून घातले, काय जुळवून घेतले आणि भाकीत म्हणून खरोखर काय हाती लागले, हे सांगितल्याशिवाय तो आकडा वाचकापुढे ठेवू नये, असा आमचा आग्रह आहे.

मुद्दा कळावा म्हणून एकच मिश्रण घेऊ : आकारमानाने ७० टक्के डिझेल, २० टक्के जैवडिझेल, १० टक्के इथेनॉल. घनता अनुक्रमे ८३२, ८८० आणि ७८९ किलो प्रति घनमीटर धरली तर वजनाने वाटे ६९.६, २१.० आणि ९.४ टक्के पडतात. उष्मांक किलोमागे ४२.७, ३७.५ आणि २६.८ मेगाज्यूल धरले की मिश्रणाचा उष्मांक ४०.१ मेगाज्यूल येतो. लिटरमागे पाहिले तर ३५.५ मेगाज्यूलचे ३३.६ होतात, म्हणजे साडेपाच टक्क्यांची घट. मिश्रणात वजनाने ५.६ टक्के ऑक्सिजन येतो. एक किलो इंधन पूर्ण जळायला लागणारी हवा डिझेलला साडेचौदा किलो, तर या मिश्रणाला १३.६ किलो. हा शेवटचा आकडा बदलायचा बऱ्याचदा राहून जातो. मग सॉफ्टवेअर इंजिनात आहे त्यापेक्षा हवा कमी असल्याचे धरून चालते, आणि काजळीपासून ज्वालेच्या तापमानापर्यंत सगळे थोडे थोडे सरकते.

आता ८७.५ मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि ११० मिलिमीटर स्ट्रोकचे (पिस्टनच्या धावेचे), मिनिटाला १५०० फेरे घेणारे एक सिलिंडरचे इंजिन घ्या. साडेतीन किलोवॉट भार आणि २८ टक्के कार्यक्षमता धरली, तर दर चक्राला सुमारे २३.४ मिलिग्रॅम डिझेल लागते. तेवढीच ऊर्जा वरच्या मिश्रणातून हवी असेल तर २४.९ मिलिग्रॅम लागेल. नोझलमधून (इंधन फवारणाऱ्या तोटीतून) दर क्षणाला जाणारे वजन घनतेच्या वर्गमुळावर ठरते आणि दोन्ही घनता जवळजवळ सारख्याच आहेत. म्हणजे जास्तीचे इंधन जास्त वेगाने जात नाही, जास्त वेळ जाते. इंजेक्शनचा काळ सुमारे सहा टक्क्यांनी लांबवावा लागतो. पुष्कळ सिम्युलेशनांत काळ तोच ठेवून फक्त वजनाचा आकडा वाढवलेला असतो. फवाऱ्याचा जोर त्यामुळे कागदावर वाढतो, हवा जास्त ओढली जाते, आणि मिश्रण "चांगले जळते" असा निष्कर्ष निघतो. ते श्रेय इथेनॉलचे नसते, इनपुट फाइलमधल्या एका ओळीचे असते.

उलट्या बाजूची गफलतही तितकीच नेहमीची आहे. दोन्ही इंधनांचे वजन किंवा आकारमान सारखे ठेवून सिम्युलेशन चालवले की ताकद पाच-सहा टक्के कमी येते. ही घट कागद-पेन्सिलीने काढता येते, तिच्यासाठी सिम्युलेशन लागत नाही. तुलना समान टॉर्कवर (इंजिनाच्या फिरवण्याच्या जोरावर) केली की समान इंधनावर, हे सांगितल्याशिवाय "ताकद घटली" या वाक्याला अर्थ नाही.

मॉडेलच्या जातींकडे वळू. सगळ्यात साधे, म्हणजे एक-क्षेत्रीय, मॉडेल सिलिंडरभर एकच तापमान आणि एकच दाब धरते. त्यात इंधन किती वेगाने जळते हे मॉडेल शोधत नाही, आपण सांगतो. बहुतेक वेळा त्यासाठी व्हीबे यांचे घातांकी समीकरण वापरतात. त्यातला एक स्थिरांक ६.९०८ घेतला की ज्वलन ९९.९ टक्के पूर्ण झाले असे धरले जाते. उरलेले दोन आकडे, म्हणजे ज्वलनाचा कालावधी आणि वक्राचा आकार, मोजलेल्या दाबावरून जुळवावे लागतात. डिझेल इंजिनात आधी मिसळून एकदम भडकणारे इंधन आणि नंतर मिसळत मिसळत जळणारे इंधन असे दोन टप्पे असल्याने दोन व्हीबे वक्र जोडतात. इथे मेख अशी की डिझेलवर जुळवलेला वक्र तसाच ठेवून त्यात इथेनॉलमिश्रणाचा उष्मांक घातला, तर मिश्रण डिझेलसारखेच जळते हे आपण आधीच गृहीत धरलेले असते. त्यातून निघालेली कार्यक्षमता हे आपल्याच गृहीतकाचे उत्तर असते. मिश्रणावर मोजलेल्या दाबातून नवा वक्र काढला असेल तर हेच साधे मॉडेल उष्णतेचा ताळेबंद मांडायला फार उपयोगी पडते. पण तेव्हाही ते भाकीत नसते, मोजणीचे विश्लेषण असते.

त्याच्या वरच्या पायरीवर बहुक्षेत्रीय मॉडेले येतात. ती फवाऱ्याचे अनेक भाग पाडून प्रत्येकाचे बाष्पीभवन, हवेशी मिसळणे आणि तापमान वेगळे मोजतात. मॉस्कोच्या बाउमन विद्यापीठात विकसित झालेले डिझेल-आरके याच जातीचे. त्याहून वर त्रिमितीय प्रवाहगणित : किव्हा, ओपनफोम, कन्व्हर्ज यांसारखी साधने. त्यात सिलिंडरची बारीक जाळी पाडून प्रत्येक घरात प्रवाह, थेंब आणि रासायनिक अभिक्रिया सोडवतात. नोझलला सहा भोके असतील तर ६० अंशांची एकच फाक घेऊन काम भागते. नोझलजवळ जाळी पाव ते अर्धा मिलिमीटर एवढी बारीक नसेल तर फवाऱ्याची लांबी जाळीवर अवलंबून बदलत राहते, आणि मग इंधनांची तुलना करण्यात अर्थ उरत नाही.

अल्कोहोलचा खरा प्रश्न बाष्पीभवनात आहे, आणि नेमका तिथेच हलगर्जीपणा जास्त होतो. इथेनॉल ७८ अंश सेल्सिअसला उकळते, डिझेल साधारण १८० ते ३६० अंशांच्या पट्ट्यात, जैवडिझेल त्याच्याही वरच्या टोकाला. थेंबातून इथेनॉल आधी निघून जाते, जड भाग मागे राहतो. डिझेलऐवजी एन-हेप्टेन घेण्याची पद्धत आहे, कारण त्याचा सीटेन क्रमांक (इंधन आपोआप किती चटकन पेटते याचे माप) डिझेलच्या जवळ आहे आणि त्याचे रसायन चांगले अभ्यासलेले आहे. पण हेप्टेन ९८ अंशांनाच उकळते. द्रवाचे गुणधर्मही हेप्टेनचेच ठेवले तर संगणकातले "डिझेल" आणि इथेनॉल जवळजवळ एकदमच वाफ होतात, आणि ज्या फरकासाठी हा खटाटोप केला तोच पुसला जातो. म्हणून रसायनासाठी हेप्टेन आणि द्रवाच्या गुणधर्मांसाठी २५४ अंशांच्या आसपास उकळणारे टेट्राडेकेन अशी विभागणी करावी, आणि बाष्पीभवनाचे मॉडेल बहुघटकी असावे. इथेनॉल आणि हायड्रोकार्बन एकमेकांत आदर्शपणे मिसळत नाहीत. त्यामुळे वाफेचा दाब नुसत्या प्रमाणावरून काढला तर कमी येतो. त्यासाठी सक्रियता गुणांक, म्हणजे आदर्श मिश्रणापासूनचा फरक भरून काढणारे गुणक, लावावे लागतात.

बाष्पीभवनाची उष्णता एकच स्थिर आकडा म्हणून भरणे हीसुद्धा चूकच. इथेनॉलचे क्रांतिक तापमान (ज्याच्या वर द्रव आणि वाफ असा भेद उरत नाही) सुमारे २४१ अंश सेल्सिअस आहे, तिथे ही उष्णता शून्यावर यायला हवी. गुणधर्मांचा तक्ता त्याआधीच संपत असेल तर सॉफ्टवेअर मुकाट्याने रेषा पुढे ओढते. चूक लाल अक्षरांत दिसत नाही, थेंब मात्र भलत्याच जागी गायब होतात. स्निग्धतेची (द्रवाच्या दाटपणाची) सरासरीही सरळ काढू नये, लॉगरिदमने काढावी. वरच्या मिश्रणासाठी घटकांची स्निग्धता ३.०, ४.५ आणि १.१ धरली तर सरळ सरासरी ३.११ येते, लॉगरिदमची २.९४.

थंडावा किती मिळतो, तेही आकड्यांत पाहू. इथेनॉलची बाष्पीभवन-उष्णता किलोमागे सुमारे ९०० किलोज्यूल, डिझेलची सुमारे २५०. आपल्या मिश्रणात किलोमागे ६१ किलोज्यूल जास्त लागतात. एक किलो इंधनाला २५ किलो हवा असेल आणि थंडावा सगळ्या हवेत वाटला, तर तापमान दोन-अडीच केल्विनने उतरते, म्हणजे दखल घेण्याजोगे काहीच नाही. पण फवाऱ्याच्या आत, जिथे किलोभर इंधनाला तीन-साडेतीन किलो हवाच मिळालेली असते, तिथे हीच घट सोळा केल्विनच्या घरात जाते. एक-क्षेत्रीय मॉडेल पहिला आकडा देते, इंजिनातले प्रज्वलन मात्र दुसऱ्यावर ठरते.

आता हेच सोळा केल्विन दुसऱ्या एका आकड्याशेजारी ठेवा. इनटेक व्हॉल्व्ह बंद होतानाचे सिलिंडरमधले तापमान सहसा मोजलेले नसते, अंदाजाने भरतात. संपीडन-गुणोत्तर (सिलिंडरच्या कमाल आणि किमान आकारमानांचे गुणोत्तर) १७.५ आणि संपीडनाचा घातांक १.३५ धरला तर सुरुवातीची दहा केल्विनची चूक वरच्या टोकाला २७ केल्विन होते. म्हणजे गृहीत धरलेल्या एका आकड्याची चूक इथेनॉलच्या सगळ्या थंडाव्यापेक्षा मोठी. संपीडन-गुणोत्तर १७.५ ऐवजी १७ असेल तर नुसत्या संपीडनाचा कमाल दाब चार टक्क्यांनी बदलतो. हेड गॅस्केटची जाडी आणि पिस्टन-रिंगांच्या फटी धरल्या नाहीत तर एवढा फरक सहज पडतो. क्रँककोनाच्या नोंदीत एका अंशाची चूक झाली तर दाबावरून काढलेले काम काही टक्क्यांनी चुकते. मिश्रणाचा परिणाम दोन-तीन टक्क्यांचा असतो. त्यामुळे मॉडेल आधी डिझेलवर, त्याहीआधी इंधन बंद ठेवून नुसत्या फिरत्या इंजिनावर तपासलेले आहे की नाही, हे आम्ही सर्वांत आधी विचारतो.

प्रज्वलनाचा विलंब हा पुढचा अवघड भाग. इथेनॉलचा सीटेन क्रमांक दहाच्याही खाली आहे. विलंबासाठी हार्डनबर्ग आणि हाझे यांचे १९७९ चे सूत्र सर्रास वापरतात. त्यात सक्रियण ऊर्जा म्हणजे ६१८८४० भागिले सीटेन क्रमांक अधिक २५. सीटेन ५१ असेल तर ८१४३ ज्यूल प्रति मोल, ४० असेल तर ९५२१. म्हणजे अल्कोहोलबद्दल या सूत्राला जे काही कळते ते एका सीटेन क्रमांकातून, आणि मिश्रणाचा सीटेन क्रमांक घटकांच्या सरळ सरासरीने काढला तर इथेनॉलच्या बाबतीत तोच मुळी भरवशाचा नसतो. प्रत्यक्षात कमी तापमानाच्या टप्प्यात डिझेलची साखळी-अभिक्रिया हायड्रॉक्सिल मूलकांवर (अत्यंत क्रियाशील अणुगटांवर) चालते. इथेनॉल ते मूलक खाऊन टाकते, त्यातून अॅसिटाल्डिहाइड आणि हायड्रोपेरॉक्सिल तयार होतात, आणि हायड्रोपेरॉक्सिलपासून बनणारे हायड्रोजन पेरॉक्साइड १००० केल्विनच्या आसपास पोहोचेपर्यंत फारसे काही करत नाही. ही अडवणूक अभिक्रिया-यंत्रणेतच, म्हणजे ज्वलनातल्या रासायनिक पायऱ्यांच्या आणि त्यांच्या वेगांच्या यादीतच दिसते, सीटेन क्रमांकात पुरती उतरत नाही.

अशा यंत्रणा उपलब्ध आहेत. इथेनॉलसाठी मारिनोव्ह यांची १९९९ ची यंत्रणा ५७ घटक आणि ३८३ अभिक्रियांची आहे, ती त्रिमितीय गणितातही झेपते. जैवडिझेलचा प्रतिनिधी म्हणून घेतल्या जाणाऱ्या मिथाइल डेकॅनोएटच्या सविस्तर यंत्रणेत मात्र हजारो घटक असतात, म्हणून ती शंभर-दीडशे घटकांपर्यंत कापून वापरतात. कापताना इथेनॉलबरोबरच्या आडव्या अभिक्रिया राहिल्या की गेल्या, हे तपासणारे थोडेच. दोन वेगवेगळ्या यंत्रणा नुसत्या एकाखाली एक चिकटवल्या तर एकच अभिक्रिया दोनदा, वेगळ्या दरांनी, मोजली जाते. कापलेली यंत्रणा आधी एका बंद, एकजिनसी भांड्यात ७०० ते १२०० केल्विनपर्यंत चालवून मूळ यंत्रणेशी ताडून पाहावी. कँटेरासारख्या रासायनिक गणिताच्या साधनात हे काम फार वेळ घेत नाही.

नायट्रोजन ऑक्साइडच्या आकड्यांवर वाद सर्वांत जास्त होतात, आणि त्याचे कारण तापमानात आहे. जास्त तापमानाला हवेतल्या नायट्रोजनपासून नायट्रिक ऑक्साइड कसा बनतो हे सांगणाऱ्या झेल्डोविच यंत्रणेनुसार सुरुवातीचा नायट्रिक ऑक्साइड बनण्याचा वेग उणे ६९०९० भागिले तापमान या घातांकाने बदलतो. २२०० केल्विनऐवजी २२५० केल्विन भरले तर तो वेग जवळपास दुप्पट होतो. पन्नास केल्विनला दुप्पट! सिलिंडरभर एकच तापमान धरणाऱ्या मॉडेलमध्ये कमाल तापमान १६००-१७०० केल्विनच्या आसपास राहते, तिथे नायट्रिक ऑक्साइड जवळजवळ बनतच नाही. मग मोजलेल्या आकड्याशी जुळवायला एक गुणक लावतात. डिझेलसाठी लावलेला गुणक मिश्रणासाठीही तोच ठेवला, तर निघणारी "घट" त्या गुणकाइतकीच खरी. जळालेला आणि न जळालेला भाग निदान वेगळा धरणारे मॉडेल नसेल, तर त्यातून निघालेला नायट्रोजन ऑक्साइडचा आकडा छापूच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. इंजिनातही इथेनॉलचा परिणाम दोन्हीकडे ओढतो : थंडाव्याने ज्वाला गार होते, पण विलंब वाढल्याने आधी मिसळलेले इंधन एकदम भडकते आणि दाब झपाट्याने चढतो. कोणती बाजू जिंकेल हे भार, इंजेक्शनची वेळ आणि परत फिरवलेल्या धुराचे प्रमाण यांवर ठरते. म्हणून एका भारावरचा आकडा सगळ्या इंजिनाला लावता येत नाही.

काजळीबाबत थोडक्यात. हिरोयासू यांचे दोन पायऱ्यांचे मॉडेल इंधनाच्या वाफेलाच काजळीचा कच्चा माल समजते, त्यामुळे ऑक्सिजनशी बांधलेला कार्बन आणि मोकळा कार्बन यांत फरक करत नाही. एस्टरमधले (जैवडिझेल ज्यांचे बनते त्या संयुगांमधले) दोन ऑक्सिजन एकाच कार्बनवर असल्याने त्यांतला काही भाग थेट कार्बन डायऑक्साइडमध्ये जाऊन वाया जातो, अल्कोहोलचा ऑक्सिजन काजळी रोखायला जास्त कामी येतो. हा फरक पाहायचा तर अॅसिटिलिनवर आधारलेले काजळी-मॉडेल लागते.

काही गोष्टी कोणतेच ज्वलन-सिम्युलेशन पाहत नाही. पाण्याचा थोडा अंश आला किंवा तापमान साधारण दहा अंश सेल्सिअसच्या खाली गेले, की डिझेल आणि इथेनॉल टाकीत वेगळे होऊ लागतात. जैवडिझेल त्यांना धरून ठेवायला मदत करते, पण त्यालाही मर्यादा आहे. संगणक मात्र प्रत्येक चक्राला तेच एकजीव मिश्रण आत सोडतो. इथेनॉलचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानापासून त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते) १३ अंश सेल्सिअस असल्याने मिश्रण साठवणुकीसाठी जवळजवळ पेट्रोलसारखे हाताळावे लागते. पंपाचे वंगण डिझेलच करत असते, ते इथेनॉलने पातळ होते. गरम इंधन-रेषेत वाफेचे बुडबुडे धरू शकतात. एन-ब्यूटेनॉल या बाबतींत बरेच सोसते : ११८ अंशांना उकळते, उष्मांक ३३ मेगाज्यूल, सीटेनही इथेनॉलपेक्षा चांगला, आणि डिझेलमध्ये बिनतक्रार मिसळते. नुसत्या ज्वलनाच्या आलेखावरून इथेनॉलला झुकते माप मिळते ते याच कारणाने.

तपासणीचा क्रम आमच्या मते असा असावा. आधी फवारा एकटा तपासावा. इंजिन कम्बशन नेटवर्क या संशोधकांच्या गटाच्या "स्प्रे ए" प्रयोगाची माहिती सर्वांना खुली आहे : एन-डोडेकेन, ९० मायक्रॉनचे भोक, १५० मेगापास्कल इंजेक्शन दाब, ९०० केल्विन. द्रवाची आणि वाफेची लांबी तिथे जुळली की मगच सिलिंडरकडे वळावे. मग इंधनाशिवाय फिरते इंजिन, मग डिझेल दोन-तीन भारांवर. इथपर्यंत जे स्थिरांक जुळवायचे ते जुळवावेत, आणि मग कुलूप लावावे. मिश्रणासाठी फक्त इंधनाचे गुणधर्म आणि रसायन बदलावे, बाकी काही नाही. शेवटी उष्णतेचा ताळेबंद : निघालेली उष्णता, भिंतीतून गेलेली उष्णता आणि न जळालेले इंधन यांची बेरीज आत घातलेल्या ऊर्जेशी एक-दोन टक्क्यांत बसली पाहिजे. भिंतीतून जाणाऱ्या उष्णतेसाठी वोश्नी यांचे १९६७ चे सूत्र वापरले असेल तर त्याचे स्थिरांकही मिश्रणासाठी हलवू नयेत. ताळेबंद बसत नाही म्हणून हे स्थिरांक वाढवण्याचा मोह फार होतो, आणि मग चुकीचा उष्मांक भिंतीत लपतो.

आपल्या वृत्तपत्राला विनंती अशी, की अशा इंधनांविषयीची बातमी किंवा लेख देताना आकड्याखाली छोट्या अक्षरांत एवढे जरूर द्यावे : मॉडेलचा प्रकार; तुलना समान टॉर्कवर की समान इंधनावर; कोणते स्थिरांक कोणत्या इंधनावर जुळवले; मिश्रणावर मोजलेल्या दाबाशी ताडून पाहिले की नाही; आणि किती भारांवर. संशोधकाकडे ही पाचही उत्तरे तयार असतात, विचारले की मिळतात. पाचांपैकी एखादे मिळाले नाही, तर त्या जागी "माहिती दिलेली नाही" असे छापावे.

कळावे,
आपले,
इंजिन-सिम्युलेशन आणि इंधन-चाचणीचे काम करणारे काही वाचक